आज्ञावलीच्या अगोदरचे शिक्षण

संगणकीकृत सात-बारा अचूक आहे की नाही, हे पडताळण्यासाठी 2017 साली महाराष्ट्र शासनाला अखेर चावडीचाच आश्रय घ्यावा लागला. गावोगावी खातेदारांसमोर उतारे वाचून दाखविण्यात आले; हस्तलिखिताशी न जुळणाऱ्या नोंदी दुरुस्त करण्याचे काम हाती घेण्यात आले. पुष्कळ चुका केवळ हातचुकीच्या असतील. परंतु ‘इतर हक्क’ या एका रकान्यात कुळाचे नाव, सोसायटीचा बोजा, विहिरीतील हिस्सा अशा भिन्न प्रकृतीच्या गोष्टी एकत्र नांदतात, हे ज्याला ठाऊक नाही, त्याने आखलेला तक्ता कितीही सुबक असला तरी फसवाच ठरावयाचा.

हे जाणून घेण्याच्या विद्येला प्रणाली-विश्लेषण म्हणतात, आणि आपल्या एमसीएच्या वर्गात तिलाच सावत्रपणाची वागणूक मिळते. वस्तुतः 1972 साली अमेरिकेतील ‘असोसिएशन फॉर कंप्युटिंग मशिनरी’ने माहिती-प्रणालीच्या पदव्युत्तर शिक्षणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात यंत्रविद्येच्या बरोबरीने संघटनेतील मानवी वर्तन आणि अशा प्रणालींचे सामाजिक परिणाम यांनाही स्थान होते. आपला विद्यार्थी माहितीच्या प्रवाहाच्या आकृत्या परीक्षेपुरत्या पाठ करतो; एखाद्या कारकुनाच्या मेजाशेजारी बसून त्याचे काम दिवसभर न्याहाळल्याचा अनुभव मात्र विरळा. ग्रंथपालाला न भेटताच सिद्ध झालेली ग्रंथालय-प्रणाली हा तर प्रकल्प-अहवालांचा नित्याचा नमुना! 2020-21 पासून हा अभ्यासक्रम तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला. एका वर्षाचे शुल्क वाचले, आणि सामान्य पालकाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. तथापि, वेळ अपुरा पडू लागला की कात्री कचेरीतल्या त्या दिवसांवरच प्रथम चालते.

त्याची किंमत कोण मोजतो? ब्रिटनमधील टपाल खात्याच्या ‘होरायझन’ या हिशेब-प्रणालीने तूट दाखविली म्हणून 1999 ते 2015 या काळात नऊशेहून अधिक उपडाकपाल दोषी ठरले. काहींनी तुरुंगवासही भोगला. हिशेब जुळत नाही, अशी तक्रार ते करीत होते. विश्वास मात्र यंत्रावर ठेवला गेला. त्या शिक्षा सरसकट रद्द करण्यासाठी 2024 साली संसदेला खास कायदा करावा लागला.

आपल्या विद्यापीठांना यासाठी नवे अनुदान नको की नवी यंत्रे नकोत. ज्या कचेरीसाठी विद्यार्थ्याने प्रणाली आखली, तेथील एखादा अव्वल कारकून तोंडी परीक्षेस परीक्षक म्हणून बसविण्यास हरकत कोणाची असावी?