देऊळगाव राजाच्या अलीकडे, पलीकडे

जालना लोकसभा मतदारसंघाने आजवर एकदाही बाई निवडून दिलेली नाही. १९५७ साली सैफ तय्यबजी, नंतर बाबूराव काळे, पुंडलिक हरी दानवे, बाळासाहेब पवार, अंकुशराव टोपे, उत्तमसिंग पवार, रावसाहेब दानवे आणि २०२४ मध्ये कल्याण काळे. मधली एक-दोन नावे सोडली, तर राजकारणाची आवड असलेल्या नवीन जालन्यातल्या माणसाला ही यादी तोंडपाठ असते. तिच्यात पक्ष बदलले, जातींची गणिते बदलली, बाईचे नाव मात्र आले नाही. म्हणूनच नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांचा मागोवा जालन्यात बसून घ्यावासा वाटतो. १९५२ च्या पहिल्या लोकसभेत नागपूरने त्यांना पाठवले, १९५७ मध्ये पुन्हा पाठवले.

अनसूयाबाईंचा जन्म १८९६ चा, माहेर बेळगावचे भाटे. पुण्यात आणि बडोद्यात शिकल्या, लग्नानंतर नागपूरच्या झाल्या. तिथे भगिनी मंडळाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. घराबाहेर पडलेल्या बाईला हक्काने बसायला, बोलायला, शिकायला जागा हवी, एवढ्या साध्या गरजेतून त्या काळी अशी मंडळे निघाली. आज कुणाला ते हळदीकुंकवाच्या पुढचे काही वाटणार नाही. पण सभेत उभे राहून बोलायची, हिशेब ठेवायची, वर्गणी मागायची, अधिकाऱ्याला अर्ज लिहायची सवय बायकांना अशाच ठिकाणी लागली. पुढे विधिमंडळात जे करायचे त्याची तालीम इथेच झाली.

मध्य प्रांताने बायकांना मताचा हक्क दिला १९२७ मध्ये, तोही मालमत्ता आणि शिक्षणाच्या अटी घालून. लगेच १९२८ मध्ये अनसूयाबाई प्रांताच्या कायदेमंडळावर नेमल्या गेल्या. ही सरकारने दिलेली जागा होती. १९३० मध्ये कायदेभंग सुरू झाला तेव्हा त्यांनी ती सोडली आणि चळवळीत उतरून तुरुंगवास पत्करला. मला त्यांच्या आयुष्यातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. मिळालेली खुर्ची सोडता आली, म्हणून सात वर्षांनी त्या निवडून येऊन, लोकांच्या मताने परत त्याच सभागृहात गेल्या. १९३७ च्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या विधानसभेत घनश्यामसिंह गुप्त अध्यक्ष झाले आणि अनसूयाबाई उपाध्यक्ष.

आता नकाशाकडे बघा. नवीन जालन्यातून निघालेली एसटी तासाभरात देऊळगाव राजाला पोचते. पुढे सिंदखेड राजा, जिजाऊंचे जन्मगाव. ही दोन्ही गावे बुलढाणा जिल्ह्यातली, म्हणजे वऱ्हाडातली. अनसूयाबाई ज्या विधानसभेच्या उपाध्यक्ष होत्या, तिच्या अमलाखालची. जालना मात्र निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात. भाषा तीच, सोयरिकी दोन्हीकडे, बाजार एक. पण देऊळगाव राजाच्या सातबारावाल्या बाईला १९३७ मध्ये मतपेटीपर्यंत जाता येत होते आणि इकडे दिलेल्या तिच्या लेकीला ती वाट बंद होती. जबाबदार राज्यपद्धती मागणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८ मध्ये स्थापनेच्या वेळीच बंदी आली. आपल्याकडे बाईचे राजकारण सभागृहात सुरू झाले नाही, ते थेट लढाईत सुरू झाले. बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके निजामाच्या रझाकारांविरुद्ध शस्त्र घेऊन उभ्या राहिल्या. त्यांची धडाडी कुणापेक्षाही कमी नव्हती. कमी होती ती व्यवस्था, जिच्यात अशी बाई उद्या उमेदवार म्हणून उभी राहू शकेल.

अनसूयाबाईंची खरी कसोटी लागली ती चंद्रपूरकडच्या चिमूरला. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी भारलेले गाव रस्त्यावर आले, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा त्यात गेला, चिडलेल्या जमावाच्या हातून अधिकारी मारले गेले. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीतही त्याच दिवशी तसेच घडले. तीन दिवसांनी चिमूरमध्ये फौज शिरली. पुरुषांची धरपकड झाली आणि मागे राहिलेल्या बायकांवर अत्याचार झाले. चौकशी व्हावी म्हणून गांधीजींचे सहकारी प्राध्यापक भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केले. एवढे होऊनही सरकारने आपल्या शिपायांना हात लावू दिला नाही. उलट आष्टी-चिमूरच्या माणसांना फाशी सुनावली.

ही गावची साधी माणसे होती. दिल्ली-लंडनपर्यंत दाद मागायची कशी, हे त्यांच्या घरच्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांना फासावरून सोडवण्यासाठी जी धडपड उभी राहिली, तिच्यात अनसूयाबाई पुढे होत्या. अर्जविनंत्या, वकील, पैसा, गांधीजींशी पत्रव्यवहार, तारखेमागून तारीख. अखेर १९४५ मध्ये फाशीच्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. टाळ्या मिळाव्यात असे या कामात काही नाही, पण माणसे जिवंत राहिली. १९४८ मध्ये त्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष झाल्या, आणि चार वर्षांनी त्यांना खासदार म्हणून निवडले ते हे सगळे पाहिलेल्या नागपूरच्या मतदारांनी.

    

पहिल्या लोकसभेत बायका जेमतेम पाच टक्के. आजच्या महाराष्ट्रातून अनसूयाबाईंबरोबर मुंबईच्या जयश्री रायजी आणि पुण्याच्या इंदिरा मायदेव होत्या. आपल्या बाजूला हैदराबाद विधानसभेत वैजापूरहून आशाताई वाघमारे गेल्या. म्हणजे मराठवाड्याला हे जमत नव्हते असे नाही. त्याच लोकसभेने १९५५ मध्ये हिंदू विवाह कायदा आणि १९५६ मध्ये हिंदू वारसा कायदा केला. वडिलांच्या मिळकतीत लेकीला वारस म्हणून वाटा मिळाला तो तेव्हा. आजही आपल्याकडे वडील गेले की भाऊ बहिणीला घेऊन निबंधक कार्यालयात येतो. ती हक्कसोडपत्रावर अंगठा नाही तर सही करते, साडी-चोळी घेऊन सासरी परतते. माहेर तुटू नये म्हणून केलेली ही सही मला दर वेळी अस्वस्थ करते. कायदा करणाऱ्या सभागृहात बायका मूठभर होत्या, आणि तो कायदा गावापर्यंत आणणाऱ्या तर त्याहून कमी.

१९५८ मध्ये, मुदत संपण्याआधीच अनसूयाबाई गेल्या. पोटनिवडणुकीत त्यांच्या जागी लोकनायक बापूजी अणे आले.

पंचायती आणि नगरपालिकांत महाराष्ट्राने २०११ पासून बायकांना निम्म्या जागा दिल्या. त्यामुळे जालना जिल्ह्यात सरपंच बाई ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. ग्रामसभा चालवणाऱ्या, टँकरसाठी तहसीलदारापुढे ठाण मांडणाऱ्या बायका गावोगाव आहेत. लोकसभा-विधानसभेतल्या एक तृतीयांश जागांचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण त्याला जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेची अट जोडली गेली. जालन्याची जागा त्यात येईल की नाही, कुणी सांगावे. पण १९५२ मध्ये नागपुरात कसलेही आरक्षण नव्हते. तरी काँग्रेसने अनसूयाबाईंना तिकीट दिले आणि त्या दोनदा जिंकल्या. जालन्यात तसे तिकीट द्यायला एकाही पक्षाला कायद्याची वाट बघायची गरज नाही.