झोपेतल्या माणसाचा ओटीपी

१८७२ सालच्या भारतीय करार कायद्यात तापाने बरळणाऱ्या माणसासाठी एक जागा राखून ठेवलेली आहे. ती पटकन नजरेत भरत नाही, कारण कलम १२ च्या मुख्य मजकुराखाली जे दृष्टांत दिले आहेत, त्यांत ती दडलेली आहे. एरवी शहाणासुरता असलेला माणूस तापाच्या भरात बडबडत असेल, किंवा इतका प्यायलेला असेल की कराराच्या अटीच त्याला उमगत नाहीत किंवा त्यात आपलं हित किती नि नुकसान किती हे तोलता येत नाही, तर तो ताप किंवा ती नशा असेपर्यंत त्याला करार करता येत नाही. ताप उतरला की माणूस पुन्हा पूर्ण हक्काचा. कायदा त्याला वेडा ठरवत नाही, त्याचे तेवढे तास फक्त बाजूला काढून ठेवतो.

टेलिफोनचं पेटंट निघायला तेव्हा अजून चार वर्षं होती. हा कायदा तडीला नेण्यात ज्यांचा मोठा हात होता, ते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन म्हणजे लेखिका व्हर्जिनिया वुल्फचे सख्खे काका. आजारपणात मन कसं निराळंच होऊन बसतं यावर पुतणीने १९२६ साली एक निबंध लिहिला. काकांच्या कायद्यातल्या त्या दृष्टांताशेजारी ठेवून तो वाचावा असं मला नेहमी वाटतं.

आता ताप-नशेवरून झोपेच्या गोळीकडे येऊ. झोल्पिडेम हे झोपेचं औषध अमेरिकेत १९९२ साली ‘अँबियन’ या नावाने मंजूर झालं. आपल्याकडे ते शेड्यूल एच-१ मध्ये मोडतं. पाकिटावर लाल चौकटीत सूचना असते, आणि विकताना केमिस्टला एका वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे लिहून ती नोंद तीन वर्षं जपावी लागते. ही वही लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

मेंदूत गाबा नावाचं एक रसायन पेशींना शांत करत असतं. झोल्पिडेम त्याचा परिणाम वाढवतं. काम झटपट करतं आणि रक्तातली त्याची पातळी साधारण अडीच तासांत निम्म्यावर येते. बहुतेकांना नुसती झोप लागते. काही थोड्यांच्या बाबतीत मात्र मेंदूचे सगळे भाग एकदम झोपत नाहीत. हात, डोळे, सवयी जाग्या राहतात; नव्या आठवणी नोंदवणारी यंत्रणा बंद पडते. अशी माणसं उठून स्वयंपाक करतात, फोन करतात, गाडी घेऊन बाहेर पडतात, ऑनलाइन खरेदीही करतात, आणि सकाळी त्यांना यातलं काही आठवत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ साली अशा गोळ्यांच्या माहितीपत्रकात इशारा घालायला लावला. २०१३ साली स्त्रियांसाठी झोल्पिडेमचा सुरुवातीचा डोस निम्मा करायला सांगितला, कारण स्त्रियांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडतं. २०१९ साली तर झोल्पिडेम आणि त्याच्या जातीच्या दोन औषधांवर सर्वांत कडक, चौकटीतला इशारा आला. त्यामागे ६६ गंभीर प्रकरणं होती आणि त्यांतल्या २० जणांचा जीव गेला होता. त्यापुढे अशा झोपेत मागवलेलं, नको असलेलं मिक्सर दारात येणं म्हणजे काहीच नाही, हे खरंच. पण कायद्याच्या दृष्टीने कोडं त्या मिक्सरमध्येच आहे.

(आणि हीच गोळी उलटंही करून दाखवते. दक्षिण आफ्रिकेत मेंदूच्या इजेनंतर वर्षानुवर्षं बेशुद्धीसारख्या अवस्थेत असलेल्या एका तरुणाला ती दिल्यावर तो काही मिनिटांत बोलू लागला, असं तिथल्या डॉक्टरांनी २००० साली नोंदवलं. असा परिणाम मोजक्याच रुग्णांत दिसतो. झोपवणारं औषध जागं करतं, याचं पुरतं उत्तर अजून कुणाकडे नाही.)

रात्री पावणेतीन वाजता खरेदी करायला नेमकं काय लागतं ते जवळून बघा. अंगठ्याने फोन उघडणं. ॲपचं चिन्ह शोधणं, जे रोज त्याच जागी असतं. आधीपासून कार्टमध्ये पडलेली वस्तू. साठवलेला पत्ता, साठवलेलं कार्ड. मग बँकेचा मेसेज येतो आणि सहा आकडे टाकावे लागतात. सहा आकडे काही सेकंद मनात धरायला कायमच्या आठवणीची गरज नसते, आणि हल्ली तर फोन ते स्वतःच भरतो. यातल्या एकाही पायरीला आज सकाळी काय झालं हे माहीत असावं लागत नाही. ही साखळी सवयीच्या बळावर चालावी अशीच घडवलेली आहे. जागेपणी आपल्याला ती सोपी वाटते ती याचसाठी.

हॉस्पिटलांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. एंडोस्कोपीच्या आधी मिडाझोलामचं इंजेक्शन दिलेला रुग्ण डॉक्टरांशी बोलतो, ‘कुशीवर वळा’ म्हटलं की वळतो, आणि तासाभराने विचारतो, ‘सुरू कधी करणार?’ म्हणून घरी सोडताना सांगतात: चोवीस तास गाडी चालवू नका, महत्त्वाच्या कागदांवर सह्या करू नका. बरोबर कुणी नातेवाईक असल्याशिवाय सोडतही नाहीत. ऑनलाइन दुकानाच्या दारात असा नातेवाईक उभा नसतो.

आणि इथे न्यायालयांची एक जुनी, शहाणपणाची सवय अडखळते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात १९५२ च्या डिसेंबरमध्ये झेमर नावाच्या गृहस्थाने हॉटेलच्या बिलाच्या पाठीमागे लिहून आपलं शेत लुसी नावाच्या माणसाला ५०,००० डॉलरला विकलं. मग म्हणाला, दोघेही प्यायलो होतो, थट्टा चालली होती. १९५४ साली राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने ते मानलं नाही. कारणांपैकी एक असं, की झेमरने पहिला मसुदा बदलला होता: ‘मी विकतो’च्या जागी ‘आम्ही विकतो’ घातलं आणि बायकोचीही सही घेतली. जो इतका नेटका विचार करतो, तो भानावर नव्हता हे कसं मानायचं? दारूच्या बाबतीत हे तर्कशास्त्र चालतं, कारण दारू बहुधा हात आणि डोकं दोन्ही एकदम बिघडवते. झोल्पिडेमच्या झोपेत हात नेटका राहू शकतो आणि डोकं गैरहजर. अचूक टाकलेला ओटीपी फोन कुणाच्या हातात होता एवढंच सांगतो. त्या हातामागे कोण जागं होतं, हे त्याला विचारून उपयोग नाही.

कलम १२ ची घडण इथे मला खरोखर थक्क करते. त्यात शुद्धीची कसोटी दोन भागांत आहे. करार समजला पाहिजे, हा एक भाग. आपल्या हिताच्या दृष्टीने त्याचा विवेकाने विचार करता आला पाहिजे, हा दुसरा. वाचताना दोन्ही एकच वाटतात. झोल्पिडेम पहिल्या भागावर घाव घालतं. दुसऱ्या भागावर घाव घालणारी औषधं निराळीच आहेत आणि ती घेणारा माणूस टक्क जागा असतो.

कंपवाताच्या म्हणजे पार्किन्सनच्या रुग्णांना प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल देतात. ही औषधं मेंदूत डोपामिनची नक्कल करतात, म्हणून हालचाल सुधारते. पण डोपामिनचं दुसरं काम म्हणजे ‘हे हवंच’ ही ओढ लावणं. काही रुग्णांत ती ओढ बेलगाम होते. अमेरिका आणि कॅनडातल्या तीन हजारांहून अधिक रुग्णांचा एक मोठा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. जुगार, अनावर खरेदी, अनावर खाणं, कामवासना यांपैकी काही ना काही त्रास ही औषधं घेणाऱ्यांत १७ टक्क्यांना होता. न घेणाऱ्यांत ७ टक्क्यांना. सगळ्या रुग्णांत मिळून सर्वांत जास्त आढळली ती खरेदी. या माणसाला किंमत कळते, अटी कळतात, सकाळी सगळं आठवतंही. आपल्याला हे परवडणार नाही हेसुद्धा तो सांगू शकतो. थांबता मात्र येत नाही. त्याला ‘करार समजला नाही’ असं म्हणताच येणार नाही. तोलण्याची शक्ती कुठे गेली, एवढाच प्रश्न उरतो, आणि तो प्रश्न विचारायची सोय १८७२ च्या वाक्यात आहे. समजणं आणि सावरणं ही मेंदूची वेगवेगळी कामं आहेत, हे दाखवायला विज्ञानाला पुढे शंभरेक वर्षं लागली.

फ्रान्समधल्या एका रुग्णाने वाट निराळी धरली. रोपिनिरोल सुरू झाल्यावर तो इंटरनेटवर जुगार खेळू लागला आणि घरची पुंजी घालवून बसला. त्याने जुगाराच्या साइटशी भांडण्याऐवजी औषध कंपनीवर दावा लावला, आणि २०१२ साली रेन शहरातल्या अपील न्यायालयाने त्याला सुमारे १ लाख ९७ हजार युरो द्यायला लावले. व्यवहार वैध की अवैध हा वाद बाजूलाच राहिला. माझ्या मते हीच वाट अधिक न्यायाची होती, कारण धोका कुणाला आधी माहीत असायला हवा होता याचं उत्तर तिथे स्पष्ट होतं.

इंग्लंडात समोरच्याला काय माहीत होतं, यालाच महत्त्व आहे. १८९२ च्या एका निवाड्यापासून तिथला नियम असा: तुम्ही भानावर नव्हता एवढं पुरत नाही, समोरच्याला ते ठाऊक होतं हेही दाखवा. अमेरिकेत नशेच्या बाबतीत साधारण हेच धोरण दिसतं. दुकानदार समोर बसलेला असे तेव्हा हे ठीक होतं. आता दुकानदार म्हणजे सर्व्हर. त्याला तारवटलेले डोळे दिसत नाहीत, तेव्हा तो कायमच अजाण ठरणार. गंमत अशी, की तुम्ही एरवी किती वाजता झोपता, काय घेता, किती वेळ घुटमळता हे कोपऱ्यावरच्या वाण्यापेक्षा त्यालाच जास्त माहीत असतं. ही माहिती जाहिरात दाखवण्यापुरती ‘माहिती’ आणि जबाबदारीच्या वेळी अज्ञान, हा सौदा विक्रेत्याला फारच सोयीचा आहे.

भारतीय कायद्यात ही अट नाही. भान नसताना केलेला करार आपल्याकडे मुळातूनच रद्दबातल. समोरच्याला माहीत असो वा नसो. १९५७ साली पाटणा उच्च न्यायालयाने सुमारे २५ हजारांची मालमत्ता ७ हजारांना विकल्याचा व्यवहार असाच मोडला आणि सांगितलं, की त्यासाठी माणूस ठार वेडा असावा लागत नाही. शिवाय कलम १२ मध्ये नशा कशी चढली हा प्रश्नच नाही. फौजदारी कायदा तो खडसावून विचारतो: नकळत किंवा बळजबरीने चढलेली नशा असेल तरच सवलत. करार कायदा गोळी डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे घेतली की दोन जास्त घेतल्या, हे बघत नाही.

ऐकायला सोपं, सिद्ध करायला अवघड. एरवी शहाणा असलेल्या माणसाने ‘त्या रात्री मी भानावर नव्हतो’ म्हटलं, तर पुरावा त्यानेच द्यायचा. इथे केमिस्टची ती वही कामाला येते. डॉक्टरची चिठ्ठी, ऑर्डरची वेळ, घरच्यांनी पाहिलेलं वागणं, आधीच्या खरेदीशी मेळ नसणं, आणि सकाळी कळताक्षणी केलेली तक्रार, हे सगळं एकमेकांना धरून असावं लागतं. बँकेकडून फारशी आशा नको. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकातलं कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर झळ लागू न देणारं संरक्षण परक्या माणसाने पैसे काढले तर आहे. इथे परका कुणी नव्हताच.

घड्याळ मात्र थोडं तुमच्या बाजूचं असतं. तुम्ही बटण दाबता तो कायद्याने बहुधा नुसता प्रस्ताव असतो. अनेक विक्रेते आपल्या अटींत लिहूनच ठेवतात, की माल रवाना होईल तेव्हा आम्ही तो स्वीकारला. स्वीकृती पक्की होण्याआधी प्रस्ताव मागे घेता येतो, हे कलम ५. म्हणजे उठल्या उठल्या फोन पाहिला तर वेडेशहाणेपणाच्या वादात न पडताही ‘कॅन्सल’ करता येतं. पार्सल आल्यावर ते वापरायला काढलं तर पारडं फिरतं. १८७३ साली इंग्लंडात एका माणसाने दारूच्या अमलात लिलावात घरं आणि जमीन घेतली, शुद्धीवर आल्यावर व्यवहार मान्य केला, आणि नंतर पलटला. न्यायालय म्हणालं, मान्य केलंस तेव्हा शुद्धीत होतास, आता पैसे भर. आपल्याकडे रद्दबातल करार मान्य करून जिवंत होत नाही, पण मिळालेली वस्तू परत करायला न्यायालय सांगू शकतं, आणि ती तुमच्या गरजेचीच असेल तर तिचं वाजवी मोल द्यावं लागतं.

युरोपीय संघाने हा सगळा गुंता एका फटक्यात टाळला. तिथे बहुतेक ऑनलाइन खरेदी चौदा दिवसांत कारण न सांगता परत करता येते. जागा होतो की झोपेत, कुणी विचारतच नाही. आपल्याकडे असा सरसकट हक्क नाही, दुकान आपणहून देईल तेवढीच मुभा. पण त्या युरोपीय नियमातून जुगाराचे करार वगळलेले आहेत, म्हणजे त्या फ्रेंच रुग्णाला चौदा दिवसही मिळाले नसते. तिथे आपला जुना कायदा पुढे आहे: कलम ३० प्रमाणे पैजेचा करार पूर्ण शुद्धीत केला तरी रद्दबातल, आणि २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आणली. आता परदेशी साइटवर, परदेशी कार्डाने, रात्री पावणेतीनला कुणी खेळलाच, तर हे कलम ३० तिथपर्यंत पोचवायचं कसं, हा वेगळाच खटला आहे.