सर्वांत मोठी कंपनी कोणती?

मागच्या व्याख्यानात आपण ‘मोठेपण’ या कल्पनेपाशी थांबलो होतो. आज त्याचं एक उदाहरण घेऊ. जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी कोणती? प्रश्न सोपा वाटतो, पण काय मोजायचं ते आधी ठरवावं लागतं. गाड्यांची विक्री मोजली तर २०२० पासून टोयोटा पहिली. त्याच वर्षी शेअर बाजारातल्या मूल्यात मात्र टेस्ला तिच्या पुढे गेली. आदल्या वर्षी टेस्लाने चार लाखांहूनही कमी गाड्या विकल्या होत्या, टोयोटाने एक कोटीहून जास्त! पहिलं मोजमाप झालेलं काम सांगतं, दुसरं लोकांची अपेक्षा.

आपण विक्रीपुरतंच बोलू. फोर्डने १९१३ मध्ये सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू केली आणि ‘मॉडेल टी’ स्वस्त होत गेली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी गाड्या निघाल्या. पण गाडी असलेल्याला आता वेगळी गाडी हवी आहे, हे जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोन यांनी ओळखलं. प्रत्येक खिशाला परवडेल असं मॉडेल, शिवाय हप्त्यांची सोय. १९३१ पासून ७७ वर्षं ती कंपनी पहिली राहिली. २००८ मध्ये टोयोटाने तिला मागे टाकलं.

टोयोटाची रीत अशी, की दोष दिसला तर साध्या कामगारानेही दोरी ओढून काम थांबवायचं. पण पहिली झाल्यावर थोड्याच काळात तिला लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. आपली वाढ माणसं तयार करण्याच्या वेगापुढे गेली, असं २०१० मध्ये अकिओ टोयोडा यांनी अमेरिकी संसदेच्या समितीसमोर कबूल केलं. फोक्सवॅगनने तर २०१८ पर्यंत पहिलं होण्याचं उद्दिष्टच ठेवलं होतं. २०१६ मध्ये ती पहिली झालीही. पण आदल्याच वर्षी डिझेल गाड्यांच्या धूर-चाचणीतली तिची लबाडी उघड झाली होती.

त्या उद्दिष्टामुळेच लबाडी झाली, असं आपण म्हणणार नाही. एवढंच म्हणू, की क्रमांक हे चांगल्या कामाचं फळ आहे. फळालाच ध्येय केलं, की काम नुसतं साधन होऊन बसतं.

आणि हे सगळं दूरचं नाही बरं का. २०२० च्या अखेरीस जनरल मोटर्सच्या तळेगावच्या कारखान्यातलं उत्पादन थांबलं. २०२३ मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. मधल्या काळात कामगारांच्या घरात पगाराचा प्रश्न होता. म्हणून पहिलं कोण, हे विचारताना ‘कशात पहिलं’ आणि ‘कुणाच्या जिवावर’ हेही आपण विचारलं पाहिजे.