इन्शुलिनचे माप आणि औषध दुकानातील फार्मासिस्ट



उसाला खताचा हप्ता देताना आपण माप चुकू देत नाही. इन्शुलिनचे मापही तसेच सांभाळावे लागते. इथे मात्र चूक झाली तर जिवावर बेतते.

१९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे रोग्याला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले. आज ते तालुक्याच्या दुकानात मिळते. पण आपल्याकडे ते दोन ताकदींत येते: एका मि.लि.त ४० युनिट आणि एका मि.लि.त १०० युनिट. दोहोंच्या सिरिंजा वेगळ्या. ४० ची टोपी सहसा लाल, १०० ची नारिंगी. १०० चे इन्शुलिन ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या रेघेपर्यंत भरले, तर अंगात २० नव्हे, ५० युनिट जातात! उलट केले तर २० ऐवजी ८ च जातात. म्हणून बाटली आणि सिरिंज दोन्ही फार्मासिस्टसमोर ठेवून जोडी जुळते का, ते विचारावे. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचे औषध देणे हे नोंदणीकृत फार्मासिस्टचेच काम आहे. त्याला विचारायला संकोच कशाला?

पेन असेल तर सुई कशी बसवायची, टोचल्यावर दहापर्यंत मोजून मग सुई का काढायची, हेही तो करून दाखवतो. रोज एकाच जागी टोचू नये. तिथे गाठ होते आणि औषध नीट लागू पडत नाही.

ग्लुकोमीटरचेही असेच. पट्ट्यांची मुदत पाहावी, डबीचे झाकण घट्ट लावावे. बोटाला गुळाचा, रसाचा हात लागलेला असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. आधी हात धुऊन कोरडे करावेत. हल्ली दंडावर चिकटवायचे सेन्सरही आले आहेत. ते कातडीखालच्या द्रवातील साखर मोजतात, म्हणून रक्तापेक्षा काही मिनिटे मागे असतात. अंगाला घाम, थरथर आणि आकडा मात्र चांगला, असे झाले तर बोटाचे रक्त तपासावे.

न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. गोठलेले इन्शुलिन टाकून द्यावे. फ्रीज नसेल तर बाटली पिशवीत बांधून ओल्या मातीच्या मडक्यात, सावलीला ठेवावी. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे चालते. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी.

रात्री उसाला पाणी द्यायला जाणाऱ्यांनी खिशात साखरेची पुडी ठेवावी. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, तडक दवाखाना गाठावा.

डोस कमी-जास्त करणे हे डॉक्टरांचे काम. दिलेला डोस बरोबर अंगात जातो का, हे पाहायला फार्मासिस्ट मदत करतो. पुढच्या खेपेस बाटली, सिरिंज, मीटर आणि चिठ्ठी एका पिशवीत घालून न्या, एवढीच आमची विनंती.