काम थांबवण्याची कारणं

मोठा आयटी प्रोग्राम सुरू करायला फारसं धाडस लागत नाही. सादरीकरण झकास होतं, संचालक मंडळ माना डोलावतं, निधी मंजूर होतो. खरी कसोटी लागते ती दीड-दोन वर्षांनी. निम्म्याहून जास्त पैसे गेलेले असतात, तारखा दोनदा पुढे ढकललेल्या असतात, आणि ‘पुढे न्यायचं की इथेच थांबायचं’ हे कुणीतरी कारणांसह लिहून खाली सही करायची असते. प्रोग्राम ऑफिसात बरीच वर्षं काढल्यावर आयटी गव्हर्नन्सच्या चौकटींबद्दल मला जी आस्था वाटते, ती या सहीपायी. १९९६ ते २०२४ या काळाकडे मागे वळून पाहताना मी एकच गोष्ट शोधत गेलो: या चौकटींच्या आधारानं गैरसोयीचा निर्णय कुणी आणि केव्हा घेतला?

सुरुवात १९९६ पासून करायची, कारण त्या वर्षी अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या. फेब्रुवारीत क्लिंगर-कोहेन कायदा झाला. सरकारी खात्यांतल्या संगणकीकरणाच्या गोंधळावर सिनेटर विल्यम कोहेन यांनी १९९४ मध्ये अहवाल काढला होता, त्याचं हे फळ. कायद्यानं खात्यांना सीआयओ (मुख्य माहिती अधिकारी) नेमायला लावलं आणि आयटीवरचा खर्च गुंतवणूक म्हणून पारखून निवडायचा, वेळोवेळी तपासायचा, शेवटी मोजायचा असं बंधन घातलं. त्याच वर्षी कोबिट या चौकटीची पहिली आवृत्ती आली. ती काढणारी आयसाका ही १९६९ पासूनची संगणकीय लेखापरीक्षकांची संघटना. साहजिकच पहिलं कोबिट ऑडिटरांनी ऑडिटरांसाठी लिहिलेलं होतं. पासवर्ड कुणाकडे, बॅकअप कुठे, बदलाला मंजुरी कुणाची, हे त्यात मिळायचं. प्रोग्राम चालवणाऱ्याच्या हाती मात्र फारसं काही लागत नसे.

२००२ मध्ये अमेरिकेत सार्बेन्स-ऑक्सली (सॉक्स) कायदा आला आणि कोबिटला एकदम मागणी वाढली. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत ‘सॉक्सची तपासणी’ हे शब्द तेव्हा रोजचे झाले. अमेरिकी ग्राहकाचा ऑडिटर यायचा, यादी घेऊन बसायचा, पुरावे मागायचा. या घाईनं चौकटीचं मोठं नुकसान केलं, असं माझं ठाम मत आहे. कोबिट म्हणजे टिकमार्कांची यादी हा समज त्या वर्षांत पक्का झाला आणि तो पुसायला पुढची दहा वर्षं गेली.

वळण लागलं ते व्हॅल-आयटीमुळे. २००६ मध्ये आलेल्या या चौकटीमागे जॉन थॉर्प यांचा विचार होता. त्यांनी चार प्रश्न मांडले होते: काम योग्य आहे का, ते योग्य रीतीनं चाललंय का, नीट पार पडतंय का, आणि त्याचा लाभ खरोखर हाती येतोय का. बहुतेक प्रोग्राम ऑफिसांचं सगळं लक्ष मधल्या दोन प्रश्नांवर असतं. पहिला आणि शेवटचा प्रश्न विचारायची कुणाची टाप नसते, कारण त्यांची उत्तरं आयटी विभागाकडे नसतात, धंदा चालवणाऱ्या विभागाकडे असतात. २००८ मध्ये आयटी गव्हर्नन्सचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ३८५००, आलं. २०१२ च्या कोबिट ५ मध्ये व्हॅल-आयटी सामावून घेतलं गेलं, आणि संचालक मंडळानं काय ठरवायचं व व्यवस्थापनानं काय राबवायचं याची वाटणी तिथे स्पष्ट झाली.

कागदावर हा फरक कसा दिसतो ते सांगतो. समजा, एका बँकेत कर्जमंजुरीची नवी प्रणाली उभी राहते आहे. स्टिअरिंग कमिटीपुढे नेहमीचं टिपण येतं: काम ६० टक्के झालं, खर्च ७० टक्के झाला, व्हेंडरनं चेंज रिक्वेस्ट दिली आहे, आणखी चार महिने लागतील, मंजुरी असावी. यावर कमिटी काय करणार? मुदत देते. आता त्याच टिपणात तीन रकाने वाढवा. कर्ज मंजूर व्हायला आज किती दिवस लागतात आणि प्रणाली आल्यावर किती लागतील; ही कपात करून दाखवायची जबाबदारी किरकोळ कर्ज विभागाच्या कोणत्या अधिकाऱ्यानं घेतली आहे; आणि कोणती परिस्थिती आली तर काम थांबवायचं असं मंजुरीच्या दिवशी ठरलं होतं. तिसरा रकाना भरलेला असेल तर बैठकीतली चर्चाच बदलते. थांबवा म्हणणारा माणूस नाट लावणारा ठरत नाही. दीड वर्षापूर्वी सगळ्यांनी मिळून मान्य केलेली अट तो फक्त वाचून दाखवत असतो. निर्णयाचं समर्थन हे निर्णयाच्या आधीच्या तारखेचं असावं लागतं, आणि चौकटीमुळे ती तारीख पडते. निर्णय झाल्यावर त्याला साजेसा कोबिटचा क्रमांक शोधून टिपणात घालणं हेही खूप ठिकाणी चालतं. त्यानं फाइल भरते, एवढंच.

इंग्लंडमध्ये चौकट हाताशी असूनही ती फाइलपुरतीच उरली. तिथे २००१ पासून सरकारी प्रोग्रामांसाठी ‘गेटवे’ तपासण्या होत्या. टप्प्याटप्प्यावर बाहेरचे अनुभवी लोक येऊन लाल, पिवळा, हिरवा शेरा देत. २००२ मध्ये नॅशनल हेल्थ सर्व्हिसचा राष्ट्रीय आयटी प्रोग्राम सुरू झाला, त्यालाही या तपासण्या लागू होत्या. मात्र त्यांचे अहवाल कित्येक वर्षं बंद ठेवले गेले. कंत्राटं झपाट्यानं दिली गेली. २००६ मध्ये ॲक्सेंचर बाहेर पडली, २००८ मध्ये फुजित्सूचं कंत्राट संपलं, आणि सप्टेंबर २०११ मध्ये सरकारनं प्रोग्राम मोडीत काढत असल्याचं जाहीर केलं. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं २०१३ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार मार्च २०१२ पर्यंत खर्च ७.३ अब्ज पौंड झाला होता आणि हाती आलेला लाभ ३.७ अब्ज पौंडांचा होता. रुग्णाची माहिती देशभर कुठेही मिळावी हा हेतू चांगला होता, म्हणून हे वाचताना जास्त वाईट वाटतं. ठरावीक अंतरानं थांबून पाहायच्या जागा नेमलेल्या होत्या. तिथे काय दिसलं, हे ज्यांना कळायला हवं होतं त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

माझ्या दृष्टीनं या अठ्ठावीस वर्षांतला सर्वांत मोलाचा काळ म्हणजे २००९ ते २०१२ मधलं वॉशिंग्टन.

जून २००९ मध्ये अमेरिकी सरकारचे सीआयओ विवेक कुंद्रा यांनी ‘आयटी डॅशबोर्ड’ लोकांसाठी खुला केला. प्रत्येक मोठ्या गुंतवणुकीचा खर्च, वेळापत्रक आणि सीआयओनं स्वतः दिलेला शेरा तिथे दिसत असे, आणि शेजारी त्या सीआयओचा फोटो असे. फोटोची कल्पना मला फार आवडते. क्लिंगर-कोहेननं जबाबदारी कायद्यात लिहिली होती, इथे तिला चेहरा मिळाला. पुढच्याच महिन्यात माजी सैनिकांच्या खात्यानं मागे पडलेले किंवा खर्चाबाहेर गेलेले ४५ प्रकल्प एका फटक्यात तात्पुरते थांबवले. याच खात्यानं दवाखान्यांच्या वेळा नेमून देण्याच्या एका प्रणालीवर नऊ वर्षांत अंदाजे १२७ दशलक्ष डॉलर घालवले होते आणि वापरण्याजोगं काही हाती आलं नव्हतं. नव्या नियमानं दर सहा महिन्यांच्या आत चालतं काहीतरी द्यायचं, आणि तीन टप्पे चुकले की काम थांबवायचं, असं ठरलं. थांबण्याची अट आधी लिहिली गेली, ती अशी.

जानेवारी २०१० पासून ‘टेकस्टॅट’ बैठका सुरू झाल्या. एका बैठकीत एकच प्रोग्राम. समोर खात्याचे वरिष्ठ आणि प्रोग्रामचा प्रमुख, मध्ये डॅशबोर्डवरचे आकडे आणि मूळ बिझनेस केस. उठताना काय करायचं, कुणी, कधीपर्यंत, हे लेखी ठरलेलं. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या इलेक्ट्रॉनिक दस्तऐवज प्रणालीचा विकास अशाच चौकशीनंतर नियोजित मुदतीच्या वर्षभर आधी, सप्टेंबर २०११ मध्ये, आटोपता घ्यायला लावला. अर्थसंकल्प कार्यालयानं अशा आढाव्यांमधून ३ अब्ज डॉलर वाचल्याचं २०१० च्या अखेरीस सांगितलं.

त्याच वर्षांत एफबीआयच्या ‘सेंटिनल’ या केस-फाइल प्रणालीचा निर्णय झाला. आधीची ‘व्हर्च्युअल केस फाइल’ ही प्रणाली १७० दशलक्ष डॉलर खर्चून २००५ मध्ये सोडून द्यावी लागली होती. सेंटिनल ४५१ दशलक्षांचा. ऑगस्ट २०१० पर्यंत त्यातले ४०५ दशलक्ष संपले होते आणि चारपैकी दोनच टप्पे पदरात पडले होते. उरलेल्या कामाला आणखी ३५१ दशलक्ष आणि सहा वर्षं लागतील असा बाहेरच्या तज्ज्ञ संस्थेचा अंदाज होता. एफबीआयनं मुख्य कंत्राटदाराचं काम थांबवलं, प्रकल्प स्वतःच्या हातात घेतला, छोट्या चमूनं दोन-दोन आठवड्यांच्या हप्त्यांत उरलेलं बांधून काढलं, आणि जुलै २०१२ मध्ये प्रणाली सगळ्यांसाठी सुरू झाली. हे यश बहुतेक जण ॲजाइलच्या खात्यावर जमा करतात. मला त्याच्या आधीची पायरी महत्त्वाची वाटते. न्याय खात्याचा महानिरीक्षक एकामागून एक लेखापरीक्षण करत होता, बाहेरचा खर्चाचा अंदाज लेखी होता, आणि ‘इतके पैसे घातले, आता सोडायचं कसं’ या युक्तिवादाला आकड्यांनी उत्तर देता येत होतं.

पेंटागॉनमध्ये उलटं चित्र होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये जीएओ या काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेनं नोंदवलं की संरक्षण खात्यानं डॅशबोर्डवर आपल्या एकाही गुंतवणुकीला जास्त जोखमीचा शेरा दिलेला नाही. पुढच्याच महिन्यात हवाई दलानं रसदपुरवठ्याची ईसीएसएस ही प्रणाली रद्द केली. तिच्यावर तोवर एक अब्ज डॉलरहून जास्त खर्च झाला होता. डॅशबोर्ड तोच आणि कायदाही तोच होता. लाल शेरा देणाऱ्याचं पुढे काय होतं, हे प्रत्येक कार्यालयात वेगळं असतं.

आपल्याकडे ही भाषा आली ती मुंबईतल्या मिंट रोडवरून. रिझर्व्ह बँकेचे कार्यकारी संचालक जी. गोपालकृष्ण यांच्या अध्यक्षतेखालच्या कार्यगटाचा अहवाल जानेवारी २०११ मध्ये आला आणि एप्रिलमध्ये मार्गदर्शक सूचना निघाल्या. पहिलंच प्रकरण आयटी गव्हर्नन्सचं होतं: संचालक मंडळाच्या पातळीवर आयटी स्ट्रॅटेजी कमिटी, खाली स्टिअरिंग कमिटी. अनेक बँकांत या कमिट्या झाल्या, इतिवृत्तंही लिहिली गेली. पण नवी ॲप्स आणि नवी कार्डं बाजारात आणायच्या घाईपुढे डेटा सेंटरचा विस्तार, पर्यायी यंत्रणेची चाचणी, जुने सर्व्हर बदलणं ही कामं मागे राहत गेली. त्यांच्या बिझनेस केसमध्ये उत्पन्नाचा आकडा नसतो. वास्तविक कोबिट ५ नं मूल्याची व्याख्या करताना लाभाच्या जोडीला जोखीम आणि साधनसामग्री बसवली ती नेमकी अशा कामांसाठी. जोखमीचा रकाना लाभाच्या बरोबरीचा मानला, तरच पॅचिंगचा प्रोग्राम नव्या कार्डाच्या प्रोग्रामसमोर उभा राहू शकतो.

बँकांनी स्वतः जे केलं नाही ते नियामकानं केलं. नोव्हेंबर २०२० मध्ये प्राथमिक डेटा सेंटरची वीज जाऊन सेवा खंडित झाल्या, तेव्हा डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेनं एचडीएफसी बँकेला नवे डिजिटल उपक्रम आणि नवे क्रेडिट कार्ड ग्राहक घेणं थांबवायला सांगितलं, आणि संचालक मंडळानं त्रुटी तपासून जबाबदारी निश्चित करावी असंही सांगितलं. निर्बंध पूर्ण उठायला मार्च २०२२ उजाडलं. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्र बँकेवर तशीच वेळ आली. त्या वेळचं प्रसिद्धिपत्रक कुठल्याही प्रोग्राम मॅनेजरनं वाचावं असं आहे. आयटी मालमत्तेची नोंद, पॅच आणि बदलांचं व्यवस्थापन, वापरकर्त्यांचे अधिकार, व्हेंडरची जोखीम, आपत्तीनंतरची सज्जता: कारणं एकेक करून दिली आहेत, दोन वर्षांच्या तपासण्यांचा आधार दिला आहे, आणि वाढीच्या मानानं यंत्रणा तोलामोलाची उभी केली नाही हा निष्कर्ष काढला आहे. एवढ्या कठोर निर्णयाचं समर्थन इतक्या नेमक्या भाषेत करता आलं, कारण ती भाषा आधीपासून ठरलेली होती. हे निर्बंध फेब्रुवारी २०२५ मध्ये उठले.

मधल्या काळात, नोव्हेंबर २०२३ मध्ये, रिझर्व्ह बँकेचे आयटी गव्हर्नन्सवरचे सर्वंकष निर्देश निघाले आणि १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. स्ट्रॅटेजी कमिटीचा अध्यक्ष स्वतंत्र संचालक हवा, त्याला आयटीचा भक्कम अनुभव हवा, बैठक दर तिमाहीला हवी. यातली मला सर्वांत जमेची वाटते ती अध्यक्षाच्या अनुभवाची अट. मुदतवाढीच्या टिपणावर नेमका प्रश्न विचारायला समोरच्याला ते काम कळावं लागतं.

महाराष्ट्रापुढचा प्रश्न नागरी सहकारी बँकांचा आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम स्विचला बगल देऊन ९४ कोटी रुपये लुटले गेले, तेव्हा या क्षेत्राला जाग आली. डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकानं सहकारी बँकांची त्यांच्या डिजिटल व्यवहारांनुसार चार स्तरांत विभागणी केली. वरच्या स्तरावर आयटी गव्हर्नन्सची चौकट सक्तीची झाली. पण तालुक्याच्या गावातल्या बँकेत आयटीप्रमुख, प्रोजेक्ट मॅनेजर आणि व्हेंडरशी बोलणारा हा बहुधा एकच माणूस असतो. कोबिट २०१९ मधली ४० उद्दिष्टं त्याच्या टेबलावर ठेवली तर तो ती कपाटात ठेवेल, आणि त्याचं काही चुकणार नाही. त्याच आवृत्तीत संस्थेच्या आकारमानानुसार निवड करायची सोय आहे, तिचा उपयोग व्हायला हवा. लाभाची खातरजमा, गुंतवणुकांची यादी, प्रोग्रामचं व्यवस्थापन, बदलांवरचं नियंत्रण आणि सेवा अखंड ठेवण्याची तयारी, ही पाच उद्दिष्टं अशा बँकेला पुरतील. सुरुवात चालू कामांच्या यादीनं करावी: प्रत्येकापुढे लाभाची जबाबदारी घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि काम कधी थांबवायचं ती अट. ज्या कामापुढे नाव लिहायला कुणी तयार होत नाही, ते पुढच्या संचालक मंडळाच्या बैठकीत पहिल्या विषयाला घ्यावं.