वादळ गेलं, मनी कुठाय?

आत्याच्या घरावरची कौलं उडाली ३ जून २०२० च्या दुपारी. तिची मनी हरवली ५ जूनला सकाळी. मधला सगळा वेळ मनी घरातच होती, माजघरातल्या फडताळामागे, जिवंत आणि बऱ्यापैकी कोरडी. ‘निसर्ग’ वादळ तिनं व्यवस्थित काढलं. तिला झेपली नाही ती त्यानंतरची वर्दळ: कौलं चाळायला आलेली चार माणसं, अंगणात आडव्या पडलेल्या फणसावर घुरघुरणारा कटर, पंचनाम्याआधी फोटो काढून घ्यायला आलेले पुतणे आणि या सगळ्यांसाठी सताड उघडी ठेवलेली दोन्ही दारं.

हे सांगायचं कारण, मे संपत आला की सगळीकडे ‘वादळात काय काळजी घ्याल’ ही चौकट छापून येते. टॉर्च, मेणबत्त्या, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, मोबाइल चार्ज. शेवटची ओळ ठरलेली: पाळीव प्राण्यांची काळजी घ्या. कशी, ते कुणी सांगत नाही. ‘निसर्ग’, ‘तौक्ते’ आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये येतं येतं म्हणून खोल समुद्रातच विरलेलं ‘शक्ती’, यांच्या कथा वाचकांना पाठ आहेत. त्या पुन्हा सांगत नाही. (तौक्ते हे नाव म्यानमारनं सुचवलेलं, आणि त्याचा अर्थ एका जातीची पाल. मांजरांनी घाबरावं असं ते नाव नव्हतं.) हा लेख फक्त त्या शेवटच्या ओळीबद्दल आहे, आणि त्यातही फक्त मांजरांबद्दल. कुत्रा हाक मारली की येतो. गाय दाव्याला असते, ती सोडायची एवढं लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं. मांजराचं तसं नाही.

सरकारदरबारी तर मांजर नाहीच. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या मदतीचे दर बघा. दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर ३७,५०० रुपये, बैलाचे ३२,०००, शेळीमेंढीचे ४,०००, कोंबडीचे १००. मांजराची ओळच नाही. मला मांजराचे पैसे नकोत, कुणालाच नको असतील. पण ज्या जिवाला यादीत ओळ नसते, त्याची विचारपूस आराखड्यातही होत नाही. गाव हलवायचं ठरलं, की तलाठी आणि पोलीस पाटील दारात येऊन माणसं मोजतात, गुरांचं विचारतात. “मांजर आहे का?” असं विचारलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

अमेरिकेनं हा धडा महाग किंमत देऊन घेतला. २००५ च्या कतरिना वादळात घर सोडायला नकार देणारे हजारो लोक होते. नंतर फ्रिट्झ इन्स्टिट्यूटनं पाहणी केली, तेव्हा मागे राहिलेल्यांपैकी ४४ टक्के लोकांनी पाळीव जनावर सोडून जायचं नव्हतं, हे एक कारण सांगितलं. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला: आपत्तीच्या आराखड्यात पाळीव जनावरं असलेल्या कुटुंबांची सोय धरलेली असली पाहिजे. आपल्याकडे तसं कलम नाही. म्हणून ज्याचं मांजर त्यानंच निस्तरायचं, हे आधी कबूल करून टाकू.

आता एका लाडक्या समजुतीला हात घालतो. ‘मांजराला वादळ आधी कळतं.’ वाडीवाडीत याचे किस्से आहेत, आणि सगळे वादळ होऊन गेल्यावर आठवलेले. मांजर रोजच कधी ना कधी विचित्र वागतं. वादळ आलं की त्यातला नेमका एक दिवस लक्षात राहतो. हवेचा दाब उतरलेला त्याला जाणवतो म्हणावं, तर हिशोब करून बघा. ‘निसर्ग’च्या केंद्रात दाब ९८४ हेक्टोपास्कलच्या आसपास होता, म्हणजे नेहमीपेक्षा साधारण पंचविसाने कमी. दोनसव्वादोनशे मीटर उंची चढलं तरी दाब तेवढाच उतरतो. पोलादपूरहून आंबेनळी घाटानं महाबळेश्वर गाठणाऱ्या एसटीत याच्या पाचपट फरक तासदोन तासांत पडतो, आणि त्या एसटीतलं पिशवीतलं मांजर काही भाकीत करत नाही, ओरडतं फक्त. मांजराचे कान मात्र अचाट आहेत. आपल्याला वीस हजार कंपनांपुढे काही ऐकू येत नाही, मांजराला साठ हजारांच्या वरचंही येतं. पत्र्याचा सुटलेला खिळा, रीप करकरणं, हे त्याला आपल्याआधी कळतं आणि ते दडून बसतं. म्हणजे मांजर इशारा देतं तेव्हा ते आधीच हाताबाहेर गेलेलं असतं. इशारा हवामान खात्याकडूनच घ्या.

ते खातं साधारण ७२ तास आधी पहिली सूचना देतं, ४८ तास आधी ‘अलर्ट’, २४ तास आधी ‘वॉर्निंग’. मांजरवाल्यांनी यातला चोवीसचा आकडा विसरावा. चोवीस तास उरलेले असतात तेव्हा घरात आरडाओरडा सुरू झालेला असतो, कुणीतरी पत्र्यावर दगड ठेवत असतं, गोठ्यातून गुरं हलत असतात. अशा घरात मांजर थांबत नाही. मांजर पकडायचं ते अठ्ठेचाळीसच्या आकड्यावर, संध्याकाळी, ठरल्या वेळी, जेवायच्या जागी. तव्यावर मूठभर सुकट भाजा. बोका दोन वाड्यांपलीकडे असला तरी येईल. आला की दार लावा आणि मग ते वादळ जाईपर्यंत उघडू नका. एवढंच. यात शौर्य काही नाही, म्हणून बहुतेकांकडून ते राहून जातं.

पकडण्याबद्दल एक. वेदान्तात मार्जारन्याय सांगतात: पिल्लू काही करत नाही, आई त्याला मानेला धरून नेते, तसा देव भक्ताला. दृष्टान्त सुंदर आहे, पण तो पिल्लाला लागू पडतो. चार किलोच्या घाबरलेल्या बोक्याला मानगुटीला धरून उचललं तर त्याला इजा होते आणि तुम्हाला रेबीजच्या लशीसाठी, तेही वादळात, दवाखाना शोधावा लागतो. त्याच्यावर जाड टॉवेल किंवा जुनी गोधडी टाका, चारही बाजूंनी गुंडाळा, गाठोडं उचला. तयार कॅरिअर असेल तर उत्तम. नसेल तर भाजीच्या दोन प्लॅस्टिक क्रेट एकीवर दुसरी उपडी घालून सुतळीनं घट्ट बांधल्या तरी चालतं. झाकणाची वेताची टोपलीही चालते. मात्र ती आयत्या वेळी माळ्यावरून काढली तर मांजर तिच्याकडे सापळा म्हणूनच बघणार. महिनाभर आधी खाली काढून, आत जुनी साडी घालून कोपऱ्यात ठेवली की ते आपणहून आत झोपायला लागतं.

घरातली खोली निवडताना कोकणात गफलत होते. माळा मांजराला आवडतो, पण कौलारू घरात सगळ्यात आधी उघडा पडतो तो माळा. स्लॅबचं न्हाणीघर असेल तर ते बरं: लहान, खिडकी वर, लपायला बादलीमागची जागा. फिनाईल, ॲसिडच्या बाटल्या आधी बाहेर काढा. जुन्या घमेल्यात वाळू किंवा फाडलेली रद्दी. पाणी शिगेपर्यंत भरण्याची शक्यता असेल तर मात्र टोपलीत कोंडून ठेवणं म्हणजे बुडवणं. तिथे मांजर मोकळं आणि चढायला उंच फळी हवी. आणि निवारा केंद्रात जायची वेळ आलीच, तर मांजर सोबत. ‘त्याचं ते बघून घेईल’ हे वाक्य माणसं स्वतःची समजूत घालायला बोलतात.

अशी खोली काय करू शकते याचा माझा आवडता दाखला फ्लोरिडातल्या की वेस्ट बेटावरचा. तिथे लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेच्या घराचं आता संग्रहालय आहे आणि त्यात पंज्याला सहा बोटं असलेल्या मांजरांचा पिढीजात गोतावळा राहतो. सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा वादळ आलं, बेट रिकामं करायचा हुकूम निघाला. संग्रहालयाच्या बाई व्यवस्थापक आणि काही कर्मचारी ५४ मांजरांसकट तिथेच थांबले. जगभर लोकांनी त्यांना वेडं ठरवलं. घराच्या भिंती जाड चुनखडीच्या, मांजरं आत, माणसं आत. चोपन्नच्या चोपन्न वाचली. मी त्यांचं अनुकरण करा म्हणत नाही. हुकूम निघाला की घर सोडायचंच. पण दगडी भिंती, बंद दारं आणि ओळखीची माणसं एवढ्यावर मांजर अटलांटिकचं वादळही काढू शकतं, हे त्यातून दिसतं.

प्रत्यक्ष वादळाच्या तासांत करण्यासारखं फार काही नसतं. एकच धोका सांगतो. वादळाचा डोळा डोक्यावर आला की वारा एकाएकी पडतो, उजाडल्यासारखं होतं आणि माणसं बाहेर बघायला दार उघडतात. काही वेळानं वारा उलट दिशेनं येतो. त्या उघड्या दारातून गेलेलं मांजर मग दुसऱ्या तडाख्यात बाहेर असतं.

खरा प्रश्न वारा थांबल्यावर सुरू होतो. मांजराचं गाव हे वासांचं गाव असतं. अमक्या फणसाच्या बुंध्याला गाल घासलेला, तमक्या गडग्यावर बोक्याची खूण. वादळानं फणस पाडला, गडगा ढासळला, पावसानं उरलेलं धुऊन नेलं. आपल्याला घर दिसतं. त्याला ते सापडत नाही. म्हणून किमान आठवडाभर दार बंद. कामाला माणसं येणार असतील तर मांजर आधी न्हाणीघरात, आणि दाराला बाहेरून कडी. आत्याकडे नेमकं हेच राहिलं.

हरवलंच तर? इथे मला ऑस्ट्रेलियातल्या पशुवैद्य जॅकी रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम फार मोलाचं वाटतं. हरवलेल्या मांजरांच्या बाराशेहून अधिक मालकांना प्रश्न विचारून त्यांनी २०१८ मध्ये निष्कर्ष मांडले. सापडलेल्या मांजरांपैकी ७५ टक्के निसटल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत होती. एकूण हरवलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश पहिल्या सात दिवसांत जिवंत सापडली. वर्षभरात हा आकडा ६१ टक्क्यांवर गेला. आणि नुसती वाट बघण्यापेक्षा स्वतः चालत जाऊन कानाकोपरा शोधणं उपयोगी पडलं. ही पाहणी वादळाची नव्हती, साध्या दिवसांची होती. तरी तिचा धडा इथे लागू पडतो, कारण घाबरलेलं मांजर पळत सुटत नाही, ते जवळच कुठेतरी चिकटून बसतं आणि ओळखीच्या हाकेलाही उत्तर देत नाही. आपण मात्र व्हॉट्सॲपवर तालुकाभर फोटो पाठवतो आणि शेजारच्या गोठ्यात वाकून बघत नाही. ‘निसर्ग’नंतर तर फोटोही जात नव्हते. रायगडच्या दक्षिण भागात कित्येक गावांत वीज आणि मोबाइलचं नेटवर्क दिवसचे दिवस नव्हतं. मांजराच्या गळ्यातल्या पट्ट्यावर नुसता फोन नंबर लिहून काय होणार? घंटा राहू दे, वाडीचं आणि घराचं नाव लिहा. पट्टा ओढ बसताच सुटणारा घ्या, नाहीतर फांदीत अडकून फास बसेल. शोधायला मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे निघा, सगळं निवलं असताना, टॉर्च जमिनीलगत धरून. डोळे चमकतात.

सापडलेलं किंवा घरातच राहिलेलं मांजर वाचलं असं लगेच म्हणू नका. पूर ओसरला की आपण काळं फिनाईल ओतून घर पुसतो. मांजर त्या ओल्या लादीवरून चालतं आणि मग पंजे चाटतं. फिनॉलवर्गातली द्रव्यं त्याच्या यकृताला निकामी करता येत नाहीत. पॅरासिटामॉलचंही तसंच: कण्हणाऱ्या मांजराला दयेपोटी दिलेली अर्धी गोळी जीव घेऊ शकते. आणि भीतीनं खाणं सोडलेलं मांजर, विशेषतः लठ्ठ असलेलं, दोनतीन दिवसांच्या उपासानंतर यकृतात चरबी साचून आजारी पडतं. कुत्र्यासारखं ते आठवडाभर उपाशी राहू शकत नाही. दुसऱ्या दिवशीही तोंड लावत नसेल तर फोन लागेल तेव्हा १९६२ या पशुवैद्यकीय हेल्पलाइनला विचारा. त्याआधी बांगड्याचं कोमट पाणी पुढे ठेवून बघा. वासानं पुष्कळदा काम होतं.

मनी आठव्या दिवशी सापडली. शेजारच्यांच्या पडलेल्या गोठ्याच्या पत्र्याखाली, आत्याच्या ओटीपासून पन्नास पावलांवर. निम्मी झाली होती. आठही दिवस आत्या त्याच वाटेनं तिला हाका मारत पाखाडीच्या टोकापर्यंत जात होती.

परवा तिला फोन केला. म्हटलं, “आत्या, यंदा टोपली माळ्यावरून उतरवलीस का?”

“अरे, टोपली माळ्यावर गेलीये कधी त्या दिवसापासून? त्यात ही झोपलीय. मी कांदे कशात भरू ते सांग.”