एकच सिरिंज, दोन छापील किमती

दिल्लीतल्या एका ग्राहकाने मॅक्स रुग्णालयाच्या औषध दुकानातून बेक्टन डिकिन्सन कंपनीची सिरिंज १९ रुपये ५० पैशांना घेतली. तीच सिरिंज बाहेरच्या दुकानात मिळाली, तेव्हा तिच्यावर छापील किंमत होती ११ रुपये ५० पैसे. रुग्णालयाने छापील किमतीपेक्षा एक पैसाही जास्त घेतला नव्हता. किंमतच वेगळी छापलेली होती!

त्या गृहस्थाने २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. कंपनी आणि रुग्णालयाच्या संगनमताचा पुरावा आयोगाला मिळाला नाही. मात्र भरती झालेला रुग्ण बांधलेला गिऱ्हाईक असतो, हे लक्षात घेऊन २०१८ मध्ये तपास दिल्लीतल्या इतर सुपर स्पेशालिटी रुग्णालयांपर्यंत वाढवला गेला.

माझ्या मते इथे संगनमताची गरजच उरत नाही. वस्तू निवडतो दवाखाना, पैसे भरतो रुग्ण. मग कंपन्यांची चढाओढ लागते ती दवाखान्याला जास्त नफा सुटावा म्हणून, आणि छापील किंमत वर चढते. बाजारात चार कंपन्या आल्या तरी भाव उतरत नाही तो यामुळे.

हृदयात टाकायच्या ‘स्प्रिंग’चे, म्हणजे स्टेंटचे तेच झाले होते. औषधी लेप असलेला स्टेंट लाखाच्या वर जाई. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने त्याला २९,६०० रुपयांची आणि साध्या स्टेंटला ७,२६० रुपयांची मर्यादा घातली. त्याच ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सांध्याची सरासरी दीड लाखावरची किंमत ५४,७२० रुपयांवर आली (कर वेगळा).

अमरावती-अकोल्यात महात्मा फुले योजनेत उपचार झाले तर पॅकेज ठरलेले असते. योजनेबाहेर, नागपूरच्या खासगी दवाखान्यात कापसाचे पैसे घेऊन जाणाऱ्याने स्टेंटचे बिल नीट वाचावे. त्यात स्टेंटची किंमत, ब्रँड, कंपनी आणि बॅच क्रमांक वेगळा लिहिणे बंधनकारक आहे. दिला नसेल तर मागा, संकोच नको.

सिरिंज, कॅथेटर, सलाईनचा थ्री-वे यांचे काय? दिल्ली परिसरातल्या चार रुग्णालयांची बिले प्राधिकरणाने २०१८ मध्ये तपासली, तेव्हा ५ रुपये ७७ पैशांत घेतलेला थ्री-वे रुग्णाला १०६ रुपयांना लावलेला आढळला. एप्रिल २०२० पासून उपकरणांची छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. पण अशा बहुतेक वस्तूंची पहिली किंमत किती छापायची, हे अजूनही कंपनीच ठरवते.